भिंत न काढण्याची किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका चित्रपट मंडळातली तरुण मंडळी 'दास बोट' हा १९८१ सालचा जर्मन पाणबुडीपट दाखवणार आहेत. त्यापाठोपाठ त्याच्या निर्मितीवरचा माहितीपट दाखवावा का, की त्यानं चित्रपटाची जादू उडून जाते, असं त्यांना विचारायचं आहे. शिवाय ही मंडळी स्वतः एका जुन्या मराठी चित्रपटाच्या निर्मितीवर तासाभराचा माहितीपट करायला निघाली आहेत. त्यांना हवंय की अशा माहितीपटात काय शोधावं आणि कुणाला काय विचारावं, हे कुणीतरी या चित्रपटाच्या उदाहरणावरून सांगावं.

मी तीस वर्षं कॅमेरा केला. त्यातला बराच काळ खांद्यावर कॅमेरा घेऊनच गेला. गेली दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रपटांवर माहितीपट करतो आणि त्यांचं संकलनही बघतो. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि कॅमेऱ्याकडे झुकलेलं असेल.

आधी नावाबद्दल. स्पेलिंग बघून आपल्याकडे अनेक जण 'दास बूट' म्हणतात. जर्मन उच्चार 'बोट' असाच आहे आणि अर्थही तोच. कोकणात ज्या शब्दानं आपण रेवस-भाऊच्या धक्क्याची बोट म्हणतो, त्याच शब्दानं ते आपली पाणबुडी म्हणतात. जाहिरातीच्या फलकावर तेवढं नीट लिहा.

आता मुद्दा. दाखवा, जरूर दाखवा. पण त्याच संध्याकाळी नको. चित्रपट संपतो तेव्हा माणसं गप्प झालेली असतात. त्या शांततेत लगेच कलाकार हसत-खेळत आठवणी सांगताना दिसले तर दोन्हींचं नुकसान होतं. आठवडाभर जाऊ द्या. जादू उडण्याची भीती मात्र सोडा. जादू उडते ती वाईट मेकिंगमुळे, म्हणजे निर्मितीवरच्या अशा माहितीपटामुळे, ज्यात प्रत्येक जण प्रत्येकाला महान म्हणतो आणि मध्ये मध्ये पार्श्वसंगीत वाजतं. चांगलं मेकिंग बघून आलेला माणूस तोच चित्रपट पुन्हा बघताना जास्त घाबरतो, कारण पडद्यावरचा माणूस कुठल्या जागेत उभा आहे हे त्याला आता कळलेलं असतं.

माझ्या दृष्टीनं निर्मितीवरच्या माहितीपटाला एकच प्रश्न खरा असतो: या मंडळींसमोर सोपा रस्ता कोणता होता, तो त्यांनी का नाकारला, आणि त्या नकाराची किंमत कुणी मोजली? बाकी सगळं या प्रश्नाच्या आसपास येतं. 'दास बोट' यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात एक नकार असा आहे की त्याच्या मागे मागे चालत गेलं तर अख्खा चित्रपट उलगडतो.

तो नकार म्हणजे भिंत न काढणं.

स्टुडिओत छोटी जागा चित्रित करायची असेल तर आपण काय करतो? खोलीच्या तीन भिंती उभ्या करतो, चौथी उघडी ठेवतो. किंवा चारही उभारतो, पण सुट्ट्या होतील अशा. शॉट बदलला की सेटिंगवाले एक भिंत उचलतात, कॅमेरा मागे जातो, लाइट आत येतो. प्रेक्षकाला खोली बंद वाटते, पण कॅमेरा खोलीबाहेर उभा असतो. यात फसवणूक काही नाही, धंद्याची ती रोजची रीत आहे. मी स्वतः चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोल्या अशाच केल्या आहेत.

म्युनिकजवळच्या गायझेलगास्टाइग इथल्या बवारिया स्टुडिओत दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन यांच्यासाठी पाणबुडीचा जो आतला भाग बांधला गेला, त्याला ही सोय नाकारण्यात आली. रचनाकार होते रोल्फ त्सेहेटबाउअर, 'कॅबरे'साठी ऑस्कर मिळवलेले. दुसऱ्या महायुद्धातल्या टाइप ७सी या जातीच्या पाणबुडीची खरी मापं साधारण अशी: लांबी ६७ मीटर, पाण्याचा दाब पेलणाऱ्या नळकांड्याचा व्यास पाच मीटरहून कमी. त्यात इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो, खाटा, स्वयंपाक आणि चाळीस-पन्नास माणसं. संडास दोन, आणि मोहिमेच्या सुरुवातीला त्यातल्या एकात अन्नाचा साठा कोंबलेला. सेट या मापांना धरून बांधला आणि चित्रीकरण त्या नळीच्या आतूनच करायचं ठरलं. कॅमेरा कुठल्याही खऱ्या खलाशाला जिथे उभं राहता आलं नसतं तिथे उभा राहणार नाही, असा त्याचा अर्थ.

मी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली 'कुरसुरा' पाणबुडी आतून पाहिली आहे. सोव्हिएत बनावटीची, ९१ मीटर लांब, २००२ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली. ती टाइप ७सीपेक्षा बरीच मोठी आहे. तरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना मी चार वेळा खांदा आपटून घेतला, तोही रिकाम्या हातानं आणि सावकाश चालत. दोन कप्प्यांमधल्या गोल हॅचमधून, म्हणजे अरुंद दारातून, आधी पाय, मग डोकं. तिथून बाहेर आल्यावर मी 'दास बोट' पुन्हा लावला आणि त्यातला धावण्याचा शॉट पाहून खरंच अंगावर काटा आला.

तो शॉट तुम्हाला आठवेल. वरून इशारा येतो, पाणबुडीला तातडीनं बुडी मारायची असते, आणि हातात काम नसलेली सगळी माणसं पुढच्या टोकाकडे धावत सुटतात. ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. पुढचं टोक जड झालं की बोट लवकर खाली जाते, म्हणून खऱ्या पाणबुड्यांवर असंच धावायचे. तिथे माणसाचं वजन हेही यंत्राचाच भाग होतं. कॅमेरा त्यांच्या मागे धावतो, हॅचमधून उडी मारतो, स्वयंपाकघर, अधिकाऱ्यांच्या खाटा, आणखी एक हॅच, आणि थेट टॉर्पेडोंपाशी जाऊन थांबतो. नटांकडून या धावण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला होता. आणि त्यांच्या मागे धावणारा माणूस होता छायाचित्रकार योस्ट वाकानो. वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे.

इथून साखळी सुरू होते. तुमच्या माहितीपटात अशी साखळी सापडली तर समजा की निम्मं काम झालं.

भिंत काढायची नाही, म्हणजे ट्रॉली नाही, क्रेन नाही, स्टँडही जवळजवळ नाही. स्टेडिकॅम, म्हणजे चालता-धावता कॅमेरा स्थिर ठेवणारं अंगावर बांधायचं साधन, बाजारात येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, पण त्याचा तो पसारा, अंगावरचं जाकीट आणि पुढे आलेला हात घेऊन गोल हॅचमधून पार होणं अशक्य. राहिला हातातला कॅमेरा. वाकानोंनी छोटा ॲरिफ्लेक्स घेतला. पण नुसता हातात धरून धावलात तर चित्र इतकं हलतं की प्रेक्षकाला पळणारी माणसं दिसतच नाहीत, फक्त हलणं दिसतं. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला जायरोस्कोप जोडले. प्रचंड वेगानं फिरणारं चाक आपला कल सहजासहजी बदलू देत नाही. भोवरा जोरात असताना त्याला बोटानं ढकललं तरी तो पडत नाही, तेच तत्त्व. त्यामुळे कॅमेरा डावी-उजवीकडे कलंडणं आवरतं. वर-खाली बसणारे हिसके मात्र जायरोस्कोप आवरत नाही. ते गुडघ्यांनी आवरायचे असतात. वाकानो अंगावर पॅडिंग आणि डोक्यावर हेल्मेट घालून धावायचे. लोखंडी कडा, व्हॉल्व्ह आणि पाइप यांना ते किती वेळा धडकले असतील, हे हातात कॅमेरा घेऊन कधीही धावलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सेट हायड्रॉलिक यंत्रणेवर बसवला होता. तो पंचेचाळीस अंशांपर्यंत कलायचा आणि हादरायचा. डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीसाठी टाकलेला पाण्याखालचा बॉम्ब, फुटतो तेव्हा आपण इतर चित्रपटांत काय बघतो? कॅमेरामन कॅमेरा हलवतो आणि नट स्वतःहून एका बाजूला पडतात. इथे जमीनच निघून जाते. नटाचा तोल आणि कॅमेरामनचा तोल एकाच क्षणी जातो. नीट बघा, त्या दृश्यांत माणसं पडण्यापूर्वी काहीतरी धरायला जातात, आणि हात चुकीच्या जागी जातो. अभिनयात हे करून दाखवणं फार अवघड आहे, कारण अभिनय करणाऱ्याला कुठे पडायचं ते माहीत असतं.

साखळीची पुढची कडी आवाजाची. छोटा ॲरिफ्लेक्स कॅमेरा घरघर करतो. जायरोस्कोप त्याहून जास्त कोकलतात. त्यात हायड्रॉलिक्स. अशा लोखंडी नळीत स्वच्छ संवाद टिपणं शक्यच नव्हतं. म्हणजे वाकानोंच्या हातातल्या कॅमेऱ्याची किंमत ध्वनिविभागानं मोजली. सेटवरचा आवाज फक्त संदर्भापुरता राहिला आणि अख्खा चित्रपट नंतर डब करावा लागला. आपल्याकडे डबिंगची सवय पिढ्यान् पिढ्या होती, त्यामुळे आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण या चित्रपटाचा अर्धा परिणाम कानातून होतो, हे लक्षात घेतलं की मग या गोष्टीचं वजन कळतं. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या शत्रूच्या जहाजाच्या ध्वनियंत्राचा तो 'पिंग', दाबाखाली करकरणारं पोलाद, सुटून गोळीसारखे उडणारे बोल्ट, आणि मध्ये पन्नास माणसांचं श्वास रोखून बसणं: हे सगळं नंतर, एका शांत खोलीत, एकेक करून बांधलं गेलं. सेटवरचा आवाज वापरता येत नव्हता म्हणूनच ध्वनीच्या माणसांना कोऱ्या पाटीवर लिहायला मिळालं. दोन ध्वनिविभागांत ऑस्करची नामांकनं मिळाली ती याच कामाला. एकूण नामांकनं सहा होती: दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणामांचं संकलन. पुरस्कार एकही मिळाला नाही. परभाषेतल्या चित्रपटाला तेव्हा अशी सहा नामांकनं मिळणं हीच मोठी गोष्ट होती. डबिंगचा आणखी एक फायदा झाला: बऱ्याच नटांनी इंग्रजी आवृत्तीसाठीही स्वतःचाच आवाज दिला.

भिंत, कॅमेरा, जायरोस्कोप, गोंगाट, डबिंग, ध्वनी. ही गोष्ट सांगायला मोठा नट लागत नाही, दिग्दर्शकही लागेलच असं नाही. एक कॅमेरा असिस्टंट, एक सेटवरचा सुतार आणि एक ध्वनिसंयोजक पुरेसे आहेत. पण बहुतेक मेकिंगमध्ये हेच तिघं नसतात.

दुसरा नकार वेळेचा होता. चित्रीकरण जास्तीत जास्त कथेच्या क्रमानं करायचं. निर्मितीच्या दृष्टीनं हा शुद्ध तोटा असतो. आपण एका जागेचे सगळे सीन एकदम उरकतो ते पैसे वाचवण्यासाठी. पण इथे दाढ्या खऱ्या वाढवायच्या होत्या. महिनोन् महिने सूर्य न पाहिलेल्या माणसांचा फिकट रंग हवा होता, म्हणून नटांना उन्हात जायला बंदी होती. काम जवळपास वर्षभर चाललं. खर्च तीन कोटी वीस लाख मार्कांच्या घरात गेला, तोवरच्या जर्मन चित्रपटांत फार मोठा आकडा. वर्षभर एकाच नळीत एकत्र काढल्यावर माणसं एकमेकांकडे कशी बघायला लागतात, हे मेकअपनं आणता येत नाही. युर्गेन प्रोखनोव यांचा कप्तान पहिल्या तासात डोळ्यांनी हसतो. शेवटच्या तासात तोच चेहरा कुणा दुसऱ्याचा वाटतो.

आता अपघाताची गोष्ट, कारण या चित्रपटाच्या प्रत्येक मेकिंगमध्ये ती येते. वादळाचं चित्रीकरण चालू होतं. वरच्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या नटांवर पाण्याचे लोट सोडले जात होते. यान फेडर या तरुण नटाचा हात सुटला आणि तो फेकला गेला. त्याच्या बरगड्या मोडल्या. शेजारी उभ्या असलेल्या बेर्न्ड टाउबर यांनी मागे वळून बघितलं, तो जागेवर नव्हता, आणि ते ओरडले, 'माणूस पडला!' ते ओरडणं खरं होतं, आणि चित्रपटात तेच राहिलं. पेटरसन यांना आधी वाटलं की नटांनी सुचून काहीतरी छान केलं, आता पुन्हा एकदा घेऊ. नंतर फेडरची भूमिका बदलून त्याला जखमी म्हणून खाटेवर झोपवलं गेलं. पुढच्या काही दृश्यांत त्याच्या चेहऱ्यावरची वेदना खरी आहे.

ही गोष्ट ऐकताना प्रेक्षक हळहळतात आणि मग 'वा!' म्हणतात. मला त्या 'वा!'ची काळजी वाटते. मी अशा एका चित्रीकरणावर होतो जिथे लाइटचा मुलगा उंचावरून पडला आणि दुसऱ्या दिवशी सेटवर त्याची गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जायला लागली. त्याच्या घरी कोण गेलं, दवाखान्याचं बिल कुणी भरलं, हे त्या गोष्टीत नव्हतं. तुमच्या माहितीपटात अपघात आला तर तो सांगाच, पण पुढचे प्रश्नही विचारा. दोर बांधला होता का? शॉट थांबवण्याचा अधिकार कुणाला होता? त्यानंतर काय बदललं? 'चित्रपटाचं सोनं झालं' इथे गोष्ट संपवू नका.

आता मतभेदाबद्दल. निर्मात्यांनी स्वतः करवून घेतलेल्या मेकिंगमध्ये हेच सर्वात आधी गळतं. लोथार-ग्युंटर बुखहाइम यांची कादंबरी १९७३ची. ते १९४१च्या शरदात युद्धवार्ताहर म्हणून यू-९६ या खऱ्या पाणबुडीवरून एका मोहिमेवर गेले होते, आणि तिथे त्यांनी ढीगभर छायाचित्रंही काढली होती. आधी अमेरिकन लोकांनी हा चित्रपट करायचा प्रयत्न केला, मोठमोठ्या दिग्दर्शकांची आणि नटांची नावं घेतली गेली, पण जुळलं नाही. मग तो जर्मनांकडे आला. बुखहाइम यांनी स्वतः पटकथा लिहिली होती. ती इतकी लांब होती की तिचा सहा तासांचा चित्रपट झाला असता. ती नाकारली गेली. चित्रपट झाल्यावर त्यांनी त्याच्यावर जाहीर आणि कडक टीका केली. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकाचा युद्धविरोधी गाभा साहसाच्या थरारात विरघळला आणि खलाशांचं वागणं नको इतकं भडक झालं.

मला चित्रपट मनापासून आवडतो, आणि तरी बुखहाइम यांचं पूर्ण चुकलं असं मला म्हणता येत नाही. थरारपटाची ओढच अशी असते की तुम्ही बोटीतल्या माणसांच्या बाजूनं श्वास रोखता. ती माणसं कुणाचं युद्ध लढताहेत हे त्या क्षणी विसरायला होतं. चित्रपटाला याची जाणीव आहे. म्हणून तर त्यात एक प्रसंग असा आहे की जळत्या जहाजावरचे लोक पाण्यात उड्या मारून यांच्याकडे पोहत येतात, आणि कप्तान बोट मागे घेण्याचा हुकूम देतो. माझ्या मते तो चित्रपटातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग आहे. पण या वादाशिवाय केलेलं मेकिंग अपुरं राहतं. ज्यानं ते पाणी स्वतः पाहिलं तो म्हणतो 'असं नव्हतं', आणि ज्यानं चित्रपट केला तो म्हणतो 'असंच वाटलं पाहिजे'. दोघांनाही पूर्ण बोलू द्यायचं. निवाडा प्रेक्षक करतो.

गंमत म्हणजे यू-९६चे खरे कप्तान हाइनरिश लेमान-विलेनब्रोक या चित्रपटाचे सल्लागार होते. म्हणजे त्याच बोटीवरच्या दोन माणसांपैकी एक सेटवर मदत करत होता आणि दुसरा बाहेरून टीका करत होता. तुमच्याकडे जर असे दोन साक्षीदार असतील तर त्यांना एकत्र बसवू नका. वेगवेगळं चित्रित करा, तेच प्रश्न विचारा, आणि उत्तरं संकलनात शेजारी ठेवा.

घटना, चित्रपट आणि आठवण या तीन गोष्टींमधलं अंतर मोजण्याचंही काम मेकिंगचंच. यू-९६ खरंच जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरायला निघाली होती. विमानानं गाठलं, बुडी मारावी लागली, प्रयत्न फसला आणि ती परतली. इथपर्यंत कथा आणि इतिहास हातात हात घालून चालतात. पण चित्रपटाचा शेवट ला रोशेलच्या गोदीत होतो, आणि खरी यू-९६ सें नाझेरला परतली होती. ती संपली १९४५च्या मार्चमध्ये, विल्हेल्म्सहाफेनवरच्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात. शेवट बदलण्याचा हक्क चित्रपटाला आहेच. पण तो कुठे बदलला हे प्रेक्षकाला माहीत असेल तर तो का बदलला हा प्रश्न त्याला पडतो, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते.

आठवणीबद्दल एक सावधगिरी. पेटरसन एक प्रसंग नेहमी सांगायचे. चित्रपटाच्या सुरुवातीला पाटी येते की चाळीस हजार जर्मन पाणबुडी सैनिकांपैकी तीस हजार परतले नाहीत. लॉस एंजलिसमध्ये ही पाटी आली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पेटरसन यांच्या पोटात गोळा आला. आणि चित्रपट संपल्यावर तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अतिशय सुंदर प्रसंग आहे. मी तो माझ्या माहितीपटात नक्की घेईन. पण 'पेटरसन सांगतात' असंच म्हणून घेईन. दिग्दर्शक चांगला गोष्टीवेल्हाळ असतो. वीस वर्षं एकच गोष्ट सांगता सांगता ती गुळगुळीत होत जाते. एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट त्याच्या तोंडीच ठेवा, निवेदकाच्या तोंडी देऊ नका.

छोट्या मॉडेलबद्दल मी फार लिहीत नाही. ती होती, वेगवेगळ्या मापांची होती, पाण्याखालच्या आणि दूरच्या शॉट्ससाठी होती. बाहेरून खऱ्या आकाराची दिसणारी एक बोटही होती. स्पीलबर्ग यांनी ती 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'साठी उसनी घेतली, हे सगळ्यांना सांगायला आवडतं. पुढे ती समुद्रात तुटली आणि डागडुजी करून वापरली गेली. रंजक आहे, पण पाच मिनिटांत आटपा. पाण्याचा थेंब छोटा होत नाही, म्हणून मॉडेल कितीही चांगलं असलं तरी लाटेच्या फेसावरून डोळा ओळखतोच. या चित्रपटाचं बळ तिथे नाही.

एक गोष्ट मात्र मेकिंगच्या चौकटीबाहेरची असूनही सांगतो, कारण आपल्या तंत्रज्ञांना ती माहीत असावी. वाकानो पुढे पॉल व्हरहोवन यांच्यासोबत 'रोबोकॉप' आणि 'टोटल रिकॉल' करायला अमेरिकेत गेले. 'दास बोट' मात्र जगभर विकला जात राहिला, दूरचित्रवाणीवर मालिका म्हणून आला, १९९७ मध्ये २०९ मिनिटांच्या दिग्दर्शकीय आवृत्तीत पुन्हा आला. वाकानोंना त्यांचं मूळ मानधन मिळालं होतं, तेवढंच. त्यांनी निर्मात्यांना न्यायालयात खेचलं आणि कित्येक वर्षं, वयाच्या ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत, खटले लढवले. छायाचित्रकार हाही कृतीचा सहकर्ता आहे आणि यश कल्पनेबाहेर गेलं तर त्याला जादा मोबदला मिळण्याचा हक्क आहे, हे जर्मन न्यायालयांनी मान्य केलं. मेकिंगमध्ये हेल्मेट घालून धावणाऱ्या त्या माणसाचं सगळे कौतुक करतात. ते दृश्य दाखवून झाल्यावर त्याच्या कराराबद्दल कुणी एक वाक्य बोललं तर मला तो माहितीपट प्रामाणिक वाटेल.

आता तुमच्या माहितीपटाकडे येतो. तुम्ही निवडलेल्या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नायिका दोघंही हयात नाहीत असं तुम्ही लिहिलंय. निराश होऊ नका. त्यांनी त्यांच्या मुलाखती देऊन ठेवल्या असतील, त्या शोधा. तुम्ही मात्र उरलेल्यांकडे जा, आणि लवकर जा. सेट लावणारे, कपडेपट सांभाळणारे, कंटिन्युइटी (एका शॉटशी दुसरा जुळावा म्हणून ठेवायच्या नोंदी) लिहिणाऱ्या, फोकस करणारे, लॅबमध्ये नेगेटिव्ह कापणारे. 'कसं वाटलं?' असं विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, 'फार छान वाटलं, एका कुटुंबासारखं होतं.' हात काय करत होते ते विचारा. कॅमेरा कुठे ठेवला होता? लाइट कुठून येत होता? ती खिडकी खरी होती की रंगवलेली? कोणता शॉट सर्वात जास्त वेळा घेतला? असं विचारलं की माणूस खुर्चीतून उठतो आणि दाखवायला लागतो. तिथे कॅमेरा चालू ठेवा, माइक गळ्यात राहू द्या, त्याला परत बसवू नका.

शक्य असेल तर त्यांना त्या जागी न्या. 'दास बोट'चा आतला सेट गायझेलगास्टाइगच्या स्टुडिओत जपून ठेवला गेला आणि लोक तिकीट काढून त्यातून फिरले. त्यामुळे वर्षांनंतरही कुणाला त्यात उभं करून बोलतं करता आलं. खरी टाइप ७सीच्या कुळातली यू-९९५ कीलजवळ लाबो इथे किनाऱ्यावर आहे. आपल्याकडे सेट मोडून लाकूड विकलं जातं, हे मला माहीत आहे. पण वाडा, नदीचा घाट, गिरणीची चिमणी, यातलं काहीतरी उरलेलं असतं. नाहीच तर जमिनीवर खडूनं सेटचा नकाशा काढा. मी हे एकदा एका वयस्कर कलादिग्दर्शकांसोबत केलं होतं. अर्धा तास गप्प बसलेले ते गृहस्थ खडूच्या रेघा पाहताच म्हणाले, 'दार इथे नव्हतं.' पुढे चाळीस मिनिटं ते थांबले नाहीत.

कागद मागा. रोजच्या चित्रीकरणाच्या कॉल शीट, कंटिन्युइटीच्या वह्या, हिशेबाच्या चोपड्या, स्थिरचित्रांच्या नेगेटिव्ह. आठवण चुकते, तारीख टाकलेला कागद तिला ताळ्यावर आणतो. आणि स्पष्ट बोलणाऱ्याला कापू नका. एका निर्मात्यासाठी मी असाच माहितीपट केला होता. त्यात ध्वनिमुद्रकानं शांतपणे सांगितलं होतं की काय काय चुकलं आणि का. ती सात मिनिटं माझ्या हातून काढून घेतली गेली. आज तो माहितीपट कुणाला आठवत नाही, आणि मला त्यातली फक्त ती नसलेली सात मिनिटं आठवतात. तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय, तुमच्यावर असं कुणाचं दडपण नाही. त्याचा उपयोग करा.

कार्यक्रमाबद्दल शेवटचं. तुम्ही मुंबईत आहात, तर चर्चेला एखाद्या निवृत्त पाणबुडी अधिकाऱ्याला किंवा माझगाव डॉकमध्ये काम केलेल्या अभियंत्याला बोलवा. १९९२ मध्ये नौदलात आलेली 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. ती कीलच्या जर्मन आराखड्यावर माझगावला बांधली गेली, त्यामुळे त्या पिढीतल्या लोकांना जर्मन पाणबुडी म्हणजे काय ते हातानं माहीत आहे. चित्रपटात त्यांना काय खरं वाटलं आणि काय खटकलं, हे समीक्षकापेक्षा ते जास्त नेमकं सांगतील.

आणि मेकिंग सुरू करण्याआधी एक करा. धावण्याचा तो शॉट आवाज पूर्ण बंद करून एकदा दाखवा. मग तोच आवाजासकट. मग वाकानो पॅडिंग घालून धावताहेत ते चित्रण. आणि लगेच, दिवे न लावता, तिसऱ्यांदा तोच शॉट. प्रोजेक्टरवर बसणाऱ्या मुलाला चारही तुकडे क्रमानं आधीच लावून ठेवायला सांगा, मध्ये संगणकाचा पडदा दिसता कामा नये. आवाज थोडा मोठा ठेवा. 'पिंग' मागच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे.